रिकामी दावण

वारजे 1997 मध्ये पुणे महापालिकेत आलं. त्याआधी ते मुठेकाठचं शेतीचं गाव होतं. जनावर गेल्यावर दुसरं आणायचं का, हा आज तिथल्या सोसायट्यांत पडणारा प्रश्न जुन्या गावात क्वचितच पडला असेल. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. तसा पूर असो, गुरांमधली बुळकांडीची साथ असो वा 1972 चा दुष्काळ, गोठा रिकामा झालेल्या शेतकऱ्यापुढे प्रश्न असे तो पैशांचा. नांगराला बैल हवाच, मग कर्ज काढून का होईना, दावणीला नवी जोडी बांधायची.

यावर कोणी म्हणेल, ती गरज होती, माया नव्हे. पण बेंदराच्या सणाला ज्याची शिंगं रंगवली, ज्याला नावानं हाक मारली, तो निव्वळ अवजार कसा? माया होतीच, फक्त निर्णयाचं ओझं पेरणी उचलत होती. फ्लॅटमधल्या कुत्र्या-मांजराला असं काम उरलं नाही, म्हणून तो सगळा भार दुःखात असलेल्या माणसावर येतो. नवं पिल्लू आणणं ही गेलेल्याशी प्रतारणा, हा आक्षेप त्यामुळेच मला पटत नाही: नव्या बैलामुळे जुन्याची आठवण पुसली जात नसे. ‘पुन्हा मरण बघवणार नाही’ हा आक्षेप मात्र खरा आहे, त्याला इतिहासात उत्तर नाही. नको म्हणण्याची मोकळीक शेतकऱ्याला नव्हती, आज आहे. ती वापरणाऱ्याला निष्ठुर का म्हणावं? पिल्लू म्हणजे पुढची दहा-बारा वर्षं, त्यामुळे आधी हिशेब मांडावा तो आपल्या वयाचा आणि वेळेचा.