चर्चगेट ते विरार: सॉफ्टवेअर व्यवसायाचा एक अलिखित इतिहास

वसई-विरारच्या इतिहासलेखनात सोपाऱ्याचे प्राचीन बंदर, १५३४ ते १७३९ या काळातील पोर्तुगीज सत्ता, चिमाजी अप्पांची मोहीम आणि पश्चिम पट्ट्यातील केळी व पानवेलींच्या वाड्या यांना मोठे स्थान मिळाले आहे आणि ते योग्यही आहे. परंतु गेल्या चार दशकांत येथील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ ज्या सॉफ्टवेअर व्यवसायावर, म्हणजे संगणकाला पुरवायच्या आज्ञावली लिहून देण्याच्या धंद्यावर चालला, त्याची पुरेशी दखल स्थानिक इतिहासाने अद्याप घेतलेली नाही. या व्यवसायाची नावाजलेली कार्यालये नरिमन पॉइंट, अंधेरी, मालाड आणि पुढे ऐरोली येथे उभी राहिली आणि वसई तालुक्याच्या वाट्याला प्रामुख्याने त्यांत काम करणारी माणसे आली, त्यामुळे येथे बोट दाखवता येईल असे फाटक नाही की भोंगा नाही. हा इतिहास म्हणूनच रेल्वेच्या आणि घरांच्या इतिहासातून शोधून काढावा लागतो.

१२ एप्रिल १८६७ रोजी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची पहिली उपनगरी गाडी विरारहून बॅकबेपर्यंत धावली आणि १९३६ मध्ये विजेवरच्या गाड्या विरारपर्यंत पोहोचल्या. या गाड्यांनी वसईची भाजी, फुले आणि मासळी मुंबईच्या बाजारात नेली, तसेच कचेऱ्यांतील कारकूनही नेले. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९६९ पासून फकीरचंद कोहली यांनी घडवलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे आरंभीचे काम चर्चगेटलगतच्या नरिमन पॉइंट भागात वाढले, तर १९७३ मध्ये अंधेरीत ‘सीप्झ’ची, म्हणजे करसवलती देऊन केवळ निर्यातीसाठी राखलेल्या इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राची, स्थापना झाली. अशा रीतीने व्यवसायाची दोन्ही आद्य ठाणी एकाच साठ किलोमीटरच्या लोहमार्गाच्या आधाराने वसली, आणि त्या मार्गाचे दुसरे टोक विरार हे होते.

निर्यातीवर इतका भर असण्याचे कारण परकीय चलनाच्या टंचाईत होते. संगणक आयात करणे महाग आणि परवान्यांच्या जाळ्यात अडकलेले असल्यामुळे, यंत्र आणायचे तर त्या बदल्यात सॉफ्टवेअर परदेशी विकून चलन मिळवून देण्याची हमी द्यावी लागे. टाटा कन्सल्टन्सीने १९७४ मध्ये बरोज कंपनीचा संगणक आणला तो याच धोरणाच्या चौकटीत. पुढे सीप्झमध्ये टाटा बरोज, पटणी, १९८२ मध्ये सुरू झालेली मास्टेक आणि १९८५ ची सिटीकॉर्प ओव्हरसीज सॉफ्टवेअर अशा कंपन्यांनी बस्तान बसवले. पटणीच्या पुणे कार्यालयातून बाहेर पडलेल्या नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये १०,००० रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस काढली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. सीप्झमध्ये त्याच काळात आज्ञावली लिहिणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्यांची कथा मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही.

त्या पिढीचे काम आज कल्पनेत आणणेही कठीण आहे. आज्ञावलीची प्रत्येक ओळ ऐंशी रकान्यांच्या जाड कागदी कार्डावर भोके पाडून नोंदवली जाई, म्हणून हजार ओळींचे काम म्हणजे हजार कार्डांचा गठ्ठा असे. तो हातातून निसटून विस्कटला तर क्रम पुन्हा लावता यावा यासाठी गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ ओढून ठेवण्याची पद्धत होती, कारण एखादे कार्ड जागचे हलले की ती रेघ तुटलेली दिसे. यंत्राचा वेळ महाग असल्याने कोबोल भाषेत लिहिलेला मजकूर आधी कागदावर ओळीओळीने तपासावा लागे, आणि वाक्याच्या शेवटी एक पूर्णविराम राहून गेला तरी सारी फेरी वाया जाऊन पुढची पाळी येईपर्यंत थांबावे लागे. पुढच्या काळात या व्यवसायाला जी सुखवस्तू प्रतिमा चिकटली, तिच्यामागे एवढी काटेकोर शिस्त होती, हे विसरणे त्या कर्मचाऱ्यांवर अन्याय करणारे आहे.

याच सुमारास मुंबईच्या बँकांत आणि विमा कार्यालयांत संगणकाला कडवा विरोध होत होता, कारण यंत्र आले की नोकऱ्या जातील ही भीती खरी होती. बँक कर्मचारी संघटना आणि बँकांचे व्यवस्थापन यांच्यात १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाबाबत करार झाला, तो संख्येवर आणि वापरावर मर्यादा घालूनच. वडील संघटनेच्या सभेला जातात आणि मुलगी संगणकाच्या वर्गाला, ही विसंगती उपनगरांतील मध्यमवर्गीय घरांत सहज नांदली. वडिलांच्या पिढीकडे संघटना होती आणि तिच्या बळावर यंत्राच्या अटी ठरवता आल्या. मुलांच्या पिढीने चांगला पगार स्वीकारला आणि संघटना अनावश्यक मानली. या व्यवसायाच्या पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली या फरकात आहे.

१९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली आणि इमारतींचा ओघ वाढला. हरितपट्टा आणि पाणी यांसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले आंदोलन याच संक्रमणाची दुसरी बाजू होती. अंधेरीत ज्या पैशात एक खोलीही मिळत नसे, तेवढ्यात वसई, नालासोपारा किंवा विरारला स्वयंपाकघरासह घर मिळत असल्यामुळे नोकरदार उत्तरेकडे सरकत गेले. १९९४ मध्ये वसई रोडला विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. वर्षाचे केवळ शेवटचे दोन आकडे साठवणाऱ्या जुन्या प्रणाली २००० साल उजाडताच चुकतील, या ‘वायटूके’ नावाच्या अडचणीने कालबाह्य ठरू लागलेल्या कोबोलला काही वर्षे पुन्हा मागणी आणली. त्यानंतर मालाडमध्ये कॉल सेंटर वाढली आणि अमेरिकेच्या दिवसाप्रमाणे जागणारी रात्रपाळी घरोघर आली. ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर पोहोचली, तेव्हा अंधेरीपर्यंतचा सुमारे ३८ किलोमीटरचा उभ्याने केलेला प्रवास ही नोकरीची न लिहिलेली अट बनली होती. मार्च २०२० मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाल्यावर प्रथमच हा व्यवसाय खऱ्या अर्थाने वसई-विरारमध्ये आला, आणि तोही एका शयनगृहाच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी मांडलेल्या लॅपटॉपवर.

या व्यवसायातून बाहेर पडलेल्या माणसांनी त्याच्याकडे वळून पाहिल्याची मराठीतील ठळक साक्ष म्हणजे अच्युत गोडबोले यांचे ‘मुसाफिर’ हे आत्मकथन. सोलापूरहून पवईच्या आयआयटीत, तेथून शहाद्याच्या आदिवासी चळवळीत आणि नंतर पटणीसह अनेक कंपन्यांच्या सर्वोच्च पदांवर, असा त्यांचा प्रवास आहे. या ग्रंथाचे मोल मोठे असले तरी ती दृष्टी शेवटी संचालकाच्या खुर्चीतून दिसणारी आहे. काम नसलेल्या कर्मचाऱ्याला पगारावर पण अधांतरी ठेवणाऱ्या ‘बेंच’वर जे बसले, ज्यांना पंचेचाळिशीत राजीनामा लिहून देण्यास सुचवले गेले, त्यांचे म्हणणे ग्रंथरूपाने आलेले नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत हे कर्मचारी बसतात की नाही, याविषयीचा वाद वर्षानुवर्षे चालला. १९७२ च्या कायद्याप्रमाणे उपदानासाठी, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी, सलग पाच वर्षांची सेवा लागत असे आणि दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलणारे अनेकजण त्या लाभाला मुकले. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने १२,००० हून अधिक पदे कमी करण्याचे जाहीर केले, त्यांत मधल्या आणि वरच्या श्रेणीतील अनुभवी माणसांची संख्या अधिक होती. गृहकर्जाचे हप्ते सुरू असलेल्या उपनगरात अशा बातमीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

गिरणगाव उद्ध्वस्त झाल्यावर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये त्यांचा मौखिक इतिहास ग्रंथबद्ध केला, म्हणून १९८२ चा संप आज कामगारांच्या तोंडून ऐकता येतो. वसईला ‘सुवार्ता’सारख्या मासिकाची आणि स्थानिक ग्रंथालयांची परंपरा आहे; त्यांनी सॉफ्टवेअर कर्मचाऱ्यांबाबत हेच काम हाती घ्यावे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सीप्झमध्ये रुजू झालेली माणसे आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांनी नेमणूकपत्रे, पगारपत्रके, ओळखपत्रे आणि उरलीसुरली कार्डे रद्दीत देऊ नयेत, आणि ज्यांच्या घरात असे कोणी आहे त्यांनी त्यांच्या आठवणी याच वर्षी लिहून घ्याव्यात.