स्ट्रॉन्शियमची समस्थानिके आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन स्थलांतराचा प्रश्न

प्रस्तावना

कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी येथे १९४० च्या दशकात पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती सापडली. १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे केलेल्या उत्खननाने सातवाहनकालीन वसाहतीचे चित्र स्पष्ट केले आणि या परिसराचा भूमध्यसागरी जगाशी व्यापारी संबंध होता, हे सर्वमान्य झाले. तथापि मूर्ती आली म्हणजे मूर्तीबरोबर माणूसही आला, असे म्हणता येत नाही. वस्तू हातोहात शेकडो कोस जाते. ती बाळगणारा कदाचित आपल्या गावाची शीवही ओलांडत नाही. लिखित साधने उपलब्ध असलेल्या काळात ही उणीव ताम्रपट व शिलालेख काही अंशी भरून काढतात. गडहिंग्लज परिसरापुरते पाहिले तर सामानगड येथे मिळालेल्या राष्ट्रकूट दंतिदुर्गाच्या शके ६७५ च्या ताम्रपटासारखे साधन हाताशी असते. त्यापूर्वीच्या, विशेषतः प्रागैतिहासिक काळातील माणसांच्या व जनावरांच्या हालचालींबाबत मात्र खापरे, मणी आणि दफनपद्धती यांवरून अनुमान करण्यापलीकडे फारसा मार्ग नव्हता. १९८५ मध्ये जोनाथन एरिक्सन यांनी दातांतील स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचा उपयोग सुचविला आणि या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. प्रस्तुत निबंधात ही पद्धती दख्खनच्या पठारावर कितपत उपयुक्त ठरते, याचा विचार केला आहे.

पद्धतीचे स्वरूप

रुबिडियम-८७ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा ऱ्हास होऊन स्ट्रॉन्शियम-८७ तयार होते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४९ अब्ज वर्षे इतका प्रदीर्घ आहे. त्यामुळे जो खडक प्राचीन आणि रुबिडियमयुक्त, त्यात स्ट्रॉन्शियम-८७ चे स्ट्रॉन्शियम-८६ शी असलेले गुणोत्तर अधिक. जो खडक तरुण आणि रुबिडियम कमी असलेला, त्यात ते कमी. खडकाची झीज होऊन हे स्ट्रॉन्शियम मातीत, पाण्यात, वनस्पतीत आणि अन्नावाटे प्राण्यांच्या शरीरात जाते. रासायनिकदृष्ट्या ते कॅल्शियमचे सख्खे भावंड असल्याने हाडात व दातात कॅल्शियमची जागा घेते. हाडाची आयुष्यभर पुनर्रचना होत राहते. दाताचे कवच मात्र एकदा तयार झाले की बदलत नाही. माणसाच्या पहिल्या दाढेचे कवच जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत, तर अक्कलदाढेचे कवच आठव्या-नवव्या वर्षानंतर तयार होते. म्हणजे एकाच जबड्यातील दोन दाढा दोन वयांतील वास्तव्याची साक्ष देतात. गाय, मेंढी यांच्या उंच दाढांचे कवच टप्प्याटप्प्याने वाढत जाते. त्यामुळे एकाच दाढेवर ओळीने नमुने घेतले असता जनावर ऋतुमानाप्रमाणे कोठे चरत होते, याचाही अंदाज बांधता येतो.

आल्प्समधील हिममानव ‘ओत्झी’ याचे बालपण त्याच्या मृत्युस्थळापासून सुमारे ६० किलोमीटरच्या परिघात गेले असावे, हा २००३ चा निष्कर्ष सर्वपरिचित आहे. भारतीय उपखंडात हडप्पा आणि हरियाणातील फरमाना येथील दफनांवर २०१३ व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन अधिक महत्त्वाचे मानावे लागेल. हडप्पाच्या दफनभूमीतील अनेक व्यक्ती बाहेरून, त्याही लहान वयात, तेथे आल्या असाव्यात असे त्यातून सुचविले गेले. गुजरातमधील बगसरा येथील जनावरांच्या दातांवरही असेच काम झाले आहे.

दख्खनचा खडक : सोय आणि अडचण

दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे भूशास्त्रीय मापाने तरुण. त्याच्या वरच्या थरांत हे गुणोत्तर बहुतांशी ०.७०४ ते ०.७०८ च्या दरम्यान राहते. याउलट दक्षिणेकडील धारवाड क्षेत्रातील पट्टिताश्म व ग्रॅनाइट अडीच-तीन अब्ज वर्षे जुने असून त्यांचे गुणोत्तर बरेच जास्त असते. गडहिंग्लजचे स्थान या दृष्टीने लक्षणीय आहे. आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा बेसाल्टचा आणि जांभ्याचा प्रदेश ओलांडून घटप्रभेला मिळते. आणि पुढे गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून कोसळतो, तो कलादगी गटाचा, अब्जावधी वर्षांच्या मोजणीतला खडक आहे. पायी दोन-तीन दिवसांच्या अंतरात पायाखालची भूमी इतकी बदलते, असे प्रदेश महाराष्ट्रात थोडे. भूशास्त्रज्ञांनी बेसाल्टच्या सर्वांत वरच्या दोन थरांना पन्हाळा आणि देसूर (बेळगावनजीकचे गाव) अशी याच टापूतील नावे दिली आहेत, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

अडचण अशी की, बेसाल्टच्या आत फिरणारा माणूस या पद्धतीला जवळजवळ अदृश्य राहतो. या मर्यादेचे महत्त्व इनामगावच्या संदर्भात कळते. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेले उत्खनन हे महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगाचे प्रमाणभूत साधन होय. माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे असे तेथील वसाहतीचे तीन कालखंड इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळात बसविले गेले. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास हवामान कोरडे झाले, शेती खालावली, चौकोनी घरांची जागा गोल झोपड्यांनी घेतली आणि लोक मेंढपाळीवर जगणारे अर्धभटके बनले, अशी मांडणी डॉ. म. के. ढवळीकर यांनी केली. ती अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ सिद्ध वस्तुस्थिती म्हणून शिकविली गेली. ग्वेन रॉबिन्स शूग यांनी २०११ च्या ग्रंथात बालकांच्या सांगाड्यांच्या आधारे या मांडणीची फेरतपासणी केली. घरांचा आकार बदलला म्हणून माणसे भटकी झाली, हे अनुमान मुळातच नाजूक आहे. गोल झोपडी दारिद्र्याचीही खूण असू शकते.

ही कसोटी दाताला लावायची तर प्रश्न नेमका विचारावा लागेल. उत्तर जोर्वे काळातील मेंढपाळ घोड आणि भीमेच्या खोऱ्यातच फिरत असेल, तर स्ट्रॉन्शियम त्याला ‘स्थानिक’च ठरवील आणि ढवळीकरांचे मत खरे की खोटे, हे त्यावरून कळणार नाही. तो कळप घेऊन किनाऱ्यापर्यंत उतरत असेल, तर समुद्राच्या ०.७०९२ या गुणोत्तराची छाया मेंढीच्या दाढेवर पडेल. दक्षिणेस ग्रॅनाइटच्या प्रदेशात गेला असेल, तर ती खूण अधिकच ठळक असेल. म्हणून भटकेपणापेक्षा कर्नाटकाशी असलेल्या संबंधांचा प्रश्न या पद्धतीस अधिक अनुकूल आहे. बेल्लारी भागातील टेक्कलकोटा येथे १९६३-६४ च्या उत्खननात जोर्वे पद्धतीची मृद्भांडी व त्या धाटणीची कुंभदफने आढळली. ती कल्पनेची देवघेव होती की मुली लग्न होऊन जात होत्या? इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली. बालके तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत, तर प्रौढ व्यक्ती घोट्याखालील पाय तोडून पुरलेल्या. मृतात्मा पळून जाऊ नये म्हणून पाय तोडले असावेत, असे उत्खननकर्त्यांना वाटले. ज्यांना मरणानंतर घरातच जखडून ठेवले, त्यांपैकी किती जण त्या घरात जन्मले होते, हे त्यांच्या दाढाच सांगू शकतील. मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात पुरलेली व्यक्ती तर या दृष्टीने प्रथम तपासण्याजोगी होय.

‘स्थानिक’ कोणास म्हणावे?

खडकाचे गुणोत्तर म्हणजेच अन्नाचे गुणोत्तर असे समजणे ही या क्षेत्रातील नेहमीची चूक आहे. दख्खनच्या बेसाल्टवरून वाहणाऱ्या नद्यांच्या पाण्यावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत हे गुणोत्तर साधारणपणे ०.७०६ ते ०.७१० असे आले, म्हणजे बऱ्याच ठिकाणी बेसाल्टपेक्षा जास्त. पावसाबरोबर येणारे सागरी क्षार, वाऱ्याची धूळ यांचा त्यात वाटा असतो. मिठाचा मुद्दाही दुर्लक्षणीय नाही. ग्वाटेमालातील तिकाल येथे आयात मिठामुळे स्थानिक लोकांच्या दातांतील गुणोत्तर वाढलेले असावे, असे २००५ मध्ये दाखवून दिले गेले. कोकणातून घाटमार्गे बैलांच्या पाठीवर मीठ चढत असे, त्या प्रदेशात हा इशारा विशेष लागू पडतो. घाट न उतरलेला माणूसही मिठामुळे ‘कोकणात वाढलेला’ भासू शकेल.

त्याहून गंभीर प्रश्न आधुनिक शेतीचा आहे. डेन्मार्कमधील एग्टवेड येथील कांस्ययुगीन तरुणी दूरवरून आली, असा निष्कर्ष २०१५ मध्ये गाजला. परंतु तुलनेसाठी वापरलेल्या जमिनीवर शेतीचा चुना पडलेला असल्याने मूळ पायाच चुकला आणि ती तरुणी स्थानिकच असू शकते, असा आक्षेप २०१९ मध्ये घेण्यात आला. हिरण्यकेशीच्या काठावरील उसाच्या फडातून मातीचा नमुना घेऊन ताम्रपाषाणयुगाचा आधार ठरविता येणार नाही, हे यावरून उघड आहे. स्फुरदयुक्त खतांबरोबर परके स्ट्रॉन्शियमही जमिनीत उतरते. आधारनकाशासाठी कधीच नांगर न लागलेली जागा हवी. आजरा-चंदगड भागातील देवराया, सामानगडासारख्या किल्ल्यांचे माथे आणि तेथील गोगलगायींचे शंख, खोल मुळांची झाडे यांना म्हणूनच महत्त्व येते.

जनावरांच्या बाबतीत एक जिवंत तुलनासाधन या भागात उपलब्ध आहे. आदमापूरच्या बाळूमामांच्या नावाने चालणारे बकऱ्यांचे (येथील धनगर मेंढीला बकरीच म्हणतात) तळ गावोगाव फिरत असतात. त्यांचे मुक्काम लोकांना माहीत असतात. ज्या मेंढीचा मार्ग ठाऊक आहे, तिच्या मृत्यूनंतर दाढेतील गुणोत्तरे त्या मार्गाशी कितपत जुळतात हे पाहिले, तर इनामगावच्या मेंढीबद्दल काय म्हणता येईल आणि काय नाही, याची मर्यादा प्रत्यक्ष पुराव्याने ठरविता येईल. नमुने गोळा करण्याचे काम महाविद्यालयीन पातळीवर इतिहास, भूगोल, रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विभागांना मिळून करता येण्याजोगे आहे. प्रत्यक्ष मापन मात्र अहमदाबाद किंवा हैदराबाद येथील वस्तुमान वर्णपटमापकांवरच करावे लागेल. प्राचीन दातावर हात घालणे ही त्यानंतरची पायरी होय, कारण कवचाचा जो कण मापनासाठी काढला जातो तो परत मिळत नाही.