मोतीबिंदूवरचे थेंब: उंदरांवर चालतात, माणसांचे काय?



आई-बाबा इकडे यायचे ठरले की "मोतीबिंदू विरघळवणारे थेंब तिकडे मिळतात म्हणे, मागवून ठेव" अशी फर्माईश येते. ऑनलाइन दुकानांत अशा बाटल्या मिळतातही. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला. वाचून समजले ते मांडतो.

डोळ्याचे भिंग म्हणजे मुख्यतः पाणी आणि क्रिस्टॅलिन नावाची प्रथिने. गाभ्यातली प्रथिने जन्मभर बदलत नाहीत. ऑक्सिडेशनने ती बिघडतात, एकमेकांना चिकटतात आणि भिंग धुरकट होते. हे रोखायला भिंगात ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट भरपूर असते, पण वयाबरोबर ते घटते. मग बाहेरून भर घालावी, ही मूळ कल्पना.

उंदीर म्हातारा होण्याची वाट कोण बघणार? म्हणून साधारण दहा दिवसांच्या, डोळेही न उघडलेल्या पिल्लांना सोडियम सेलेनाइटचे इंजेक्शन देतात. काही दिवसांत मोतीबिंदू तयार! आमच्या भाषेत हे लोड टेस्टिंग. दुसरी पद्धत म्हणजे गॅलॅक्टोज ही साखर भरपूर खाऊ घालणे. मग एका गटाला औषध, दुसऱ्याला नाही, आणि धुरकटपणाची तुलना.

अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या रोला येथील संस्थेत नुरान एर्चल यांच्या गटाने एन-असिटिलसिस्टीन अमाइड हे द्रव्य सेलेनाइट दिलेल्या उंदरांवर तपासले. २०१७ साली त्यांनी मोतीबिंदू रोखला गेल्याचे आणि थेंबांनी काहीसा मागे गेल्याचेही नोंदवले. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर जे एन-असिटिलसिस्टीन देतात त्याचाच हा भाऊ, फक्त पेशीत जास्त सहज शिरणारा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तर आपली हळद तपासली! २००३ च्या त्या प्रयोगात खाद्यातल्या अगदी थोड्या कर्क्युमिनने गॅलॅक्टोजचा मोतीबिंदू लांबला, पण मात्रा वाढवल्यावर तो उलट लवकर पिकला.

अडचण इथेच आहे. पिल्लाला एका इंजेक्शनने झालेला आणि साठ वर्षांत हळूहळू साचलेला मोतीबिंदू एक नव्हे. शिवाय थेंबातले बहुतेक औषध अश्रूंबरोबर वाहून जाते, आत पोचते पाच टक्क्यांहूनही कमी. माणसांवर अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या ९ चाचण्या, एकूण १,१७,२७२ लोक, कॉक्रेनने २०१२ मध्ये एकत्र तपासल्या. मोतीबिंदू टळल्याचा पुरावा मिळाला नाही. बाजारात सर्वांत जास्त दिसणाऱ्या एन-असिटिलकार्नोसिनच्या थेंबांबद्दल त्यांनी २०१७ मध्ये पाहिले, तर निकषांत बसणारी एकही पूर्ण झालेली चाचणी सापडली नाही.

तोवर खात्रीचा इलाज शस्त्रक्रियेचाच. "थेंब घालून बघू" म्हणत वर्षे घालवली तर भिंग कडक होते, काढायला अवघड जाते. आणि धूसर दिसण्यामागे काचबिंदू असला, तर गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून बाटली मागवण्याआधी बाबांच्या डोळ्याचा दाब तपासला आहे का, ते आजच फोनवर विचारा.