संगणकाचा आरंभकाल : एका विलंबाचा इतिहास

संगणकाची कळ दाबल्यापासून तो कामास सिद्ध होईपर्यंत जो काळ जातो, त्यास येथे आरंभकाल म्हटले आहे. यंत्राच्या गतीचे वर्णन करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. वाट पाहण्याची नोंद मात्र क्वचितच केली जाते. मंद संगणक लवकर सुरू कसा करावा, या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, यंत्र वेगवान झाले म्हणजे विलंब आपोआप घटतो. इतिहासाचा पुरावा या उत्तरास पुरता अनुकूल नाही, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१९४६ साली प्रसिद्धीस आलेल्या अमेरिकेतील एनिअक या गणकयंत्रावर नवे गणित मांडावयाचे म्हणजे तारा जोडणे व कळा फिरविणे यांत कित्येक दिवस मोडत. १९४९ च्या मे महिन्यात केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली एडसॅक हे यंत्र चालू झाले, तेव्हा ही स्थिती पालटली. तेथील संशोधक विद्यार्थी डेव्हिड व्हीलर यांनी अवघ्या ३१ प्रारंभिक आज्ञा रचल्या. टेलिफोन केंद्रात वापरल्या जाणाऱ्या निवडक-कळांवर त्या कायमच्या गुंफलेल्या होत्या. कळ दाबताच त्या स्मृतीत उतरत आणि छिद्रांकित कागदी पट्टीवरील पुढील आज्ञावली वाचून घेत. स्वतःच्याच बुटांच्या वाद्या ओढून स्वतःस वर उचलावे, तसाच हा प्रकार. इंग्रजीतील त्या वाक्प्रचारावरूनच ‘बूट करणे’ हा शब्द पुढे रूढ झाला.

ही सोय सर्वत्र एकदम झाली असे मात्र नव्हे. १९६५ च्या पीडीपी-८ या लहान संगणकात प्राथमिक आज्ञावलीचे सोळा-सतरा शब्द समोरच्या फळीवरील खटक्यांनी एकेक करून भरावे लागत. त्याची चुंबकीय स्मृती वीज गेल्यावरही टिकत असल्यामुळे हे श्रम दररोज पडत नसत. १९७५ च्या अल्टेअर ८८०० मध्ये अर्धवाहक स्मृती आली. वीज बंद होताच ती कोरी होई आणि खटक्यांचा खेळ पुन्हा मांडावा लागे. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये प्रारंभिक आज्ञा कायम स्मृतीत बसविलेल्या होत्या, त्यामुळे हाताचे श्रम संपले. परंतु हे यंत्र प्रथम आपली स्मृती तपासून पाही, आणि स्मृती जितकी अधिक बसवावी तितकी ही तपासणी लांबे. सामर्थ्य वाढले तसा विलंबही वाढला, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी.

या विलंबाचे मोल मनुष्याच्या आयुष्यात मोजण्याचा एक प्रसंग अँडी हर्ट्झफेल्ड यांनी नमूद केला आहे. १९८३ साली मॅकिंटॉश तयार होत असता तो सुरू होण्यास फार वेळ लागतो, अशी तक्रार स्टीव्ह जॉब्स यांनी लॅरी केन्यन या अभियंत्यापाशी केली. पन्नास लाख लोक रोज हे यंत्र सुरू करतील. दहा सेकंद वाचविले तर वर्षाकाठी डझनावारी आयुष्ये वाचतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. हिशेब करून पाहता दररोज पाच कोटी सेकंद, म्हणजे वर्षाला सुमारे ५७८ वर्षे होतात. सत्तर वर्षांचे आयुष्य धरल्यास ती आठांहून थोडी अधिक आयुष्ये. जागेपणाचे सोळा तासच मोजले तर बारा. जॉब्स यांच्या बोलण्यात अतिशयोक्ती होती, परंतु ती निराधार नव्हती. पुढील काही महिन्यांत दहा सेकंदांहून अधिक काळ खरोखरच कमी झाला. यंत्र तेच राहिले. बदलली ती आज्ञावली.

या दृष्टीने २००८ चा प्रयोग सर्वांत बोधप्रद आहे. त्या वर्षी पोर्टलंड येथील लिनक्स परिषदेत इंटेलमधील आर्यन व्हॅन डी व्हेन व ऑके कॉक यांनी ईईई पीसी हा अल्प सामर्थ्याचा संगणक पाच सेकंदांत सुरू करून दाखविला. पडद्यावर चित्र उमटण्यापूर्वीच यंत्र सिद्ध होई, म्हणून त्यांना ते हातात उंच धरावे लागले. इकडचे तिकडचे सेकंद वाचवीत न बसता त्यांनी काळाचे अंदाजपत्रकच आखले होते : गाभ्यास एक सेकंद, प्राथमिक सेवांस एक, चित्रप्रणालीस एक आणि कार्यपटलास दोन. प्रक्रियक व संचयिका दोन्ही निवांत झाल्याखेरीज आरंभ पूर्ण झाला असे मानावयाचे नाही, हा त्यांचा दंडक होता. तपासाअंती आढळले की, कळफलकाची मांडणीदेखील दर वेळी नव्याने रचली जात होती. फेडोरा ही प्रणाली मुळात प्रवेशपटलापर्यंत येण्यास ४५ सेकंद घेई.

येथे आक्षेप असा येईल की, त्या यंत्रात फिरत्या तबकडीऐवजी घन-अवस्था संचयिका होती. आक्षेप रास्त आहे. परंतु हीच सुधारित प्रणाली फिरती तबकडी असलेल्या दुसऱ्या संगणकावर दहा सेकंदांत सुरू झाली. तुलना एकाच यंत्राची नाही, तरी उपकरणाचा वाटा किती व शिस्तीचा किती याचा अंदाज तीवरून येतो. २०१० साली पुढे आलेल्या सिस्टमडी या योजनेचे सूत्रही हेच होते : आरंभी कमी कामे काढावीत, आणि जी काढावयाची ती एकाच वेळी काढावीत. २०१२ च्या विंडोज ८ ने वेगळी वाट धरली. बंद करताना गाभ्याची स्थिती संचयिकेवर जतन करून ठेवावयाची, म्हणजे पुढील आरंभ पुष्कळसा टळतो. पीडीपी-८ ची स्मृती जे स्वभावतः करीत असे, तेच येथे युक्तीने साधले आहे.

तात्पर्य, आरंभीचा विलंब हा बव्हंशी यंत्राच्या मंदपणाचा नसून त्यावर लादलेल्या कामांचा असतो. व्हीलर यांना ३१ आज्ञा पुरल्या; तेव्हा जागाही मर्यादित होती. जागा मुबलक झाली तेव्हा प्रत्येक आज्ञावली आपला समावेश पहिल्या पंक्तीत करून घेऊ लागली, आणि वाट पाहण्याचे ओझे वापरणाऱ्यावर पडले. म्हणून मंद संगणकाचा विचार करणाऱ्याने प्रथम त्याची गती विचारू नये. कळ दाबताच त्यास कोणकोणती कामे सांगितली आहेत आणि त्यांपैकी कोणती नंतर केली असता चालतील, हे विचारावे.