कशिद्यातला भूगोल

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यापुढे ताम्रपट, बखरी, सनदा उभ्या राहतात. बायकांचे कपडे सहसा येत नाहीत. पॅलेस्टाईनचा विचार करताना ही सवय मोडावी लागते. १९४८ पूर्वी तेथील खेडुत स्त्रीचा ‘थोब’, म्हणजे भरतकाम केलेला पायघोळ झगा, पाहून ती कोणत्या भागातली हे जाणकारांना ओळखता येई. रामल्लाकडे पांढऱ्या लिननवर तांबड्या रेशमाने फुलीचा टाका घालत. बेथलेहेमकडे रेशमाचा वा जरीचा गोफ कापडावर मांडून तो टाचून बसवत.

या कलेला ‘अनादि’ म्हणण्याचा मोह अनेक अभ्यासकांना होतो. आम्हांस तो घातक वाटतो. जाफा शहराच्या आग्नेयेस बैत दजान नावाचे सधन गाव होते. तेथील कशिद्यात ‘नफनूफ’ नावाची फुलांची नक्षी आढळते. ती गावच्या संत्र्यांच्या बागांवरून सुचली असावी, असे मानले जाते. ही नक्षी रूढ झाली पहिल्या महायुद्धानंतर, ब्रिटिश अमदानीत. म्हणजे जाफाची संत्री बोटींनी युरोपला जात होती त्या काळात. युरोपीय दोरे आणि नक्षीच्या पुस्तिकाही याच अमदानीत खेड्यांत पोहोचल्या, आणि बायकांनी त्यांतले हवे ते उचलले.

एप्रिल १९४८ मध्ये बैत दजान ओस पडले. त्याच वर्षी त्या जमिनीवर बेत दगान ही इस्रायली वस्ती उभी राहिली. पुढे निर्वासितांच्या छावण्यांत निरनिराळ्या गावांच्या बायका शेजारी राहू लागल्या, आणि एकीची नक्षी दुसरीच्या झग्यावर उतरली. १९८७ साली पहिला इंतिफादा सुरू झाला तेव्हा व्याप्त प्रदेशात पॅलेस्टिनी झेंड्यावर बंदी होती. बायकांनी झेंड्याचे रंग आणि देशाचा नकाशा कापडावरच भरला. २०२१ साली युनेस्कोने या कलेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली.

वादग्रस्त भूमीवरचे युक्तिवाद बहुधा प्राचीनतेच्या स्पर्धेत अडकतात: येथे आधी कोण होते, दोन हजार वर्षांपूर्वी की तीन? थोब त्या स्पर्धेत उतरत नाही. त्याची साक्ष जवळच्या काळाची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गावात माणसे राहत होती, बागा राखत होती, नवे दोरे विकत घेत होती, एवढेच तो सांगतो; आणि हे विधान खोडणे अवघड आहे. कशिद्याला कालातीत ठरवले की ही तारीखच पुसली जाते, आणि तारखेबरोबर ती बाईही. म्हणून संग्रहालयात असा झगा पाहताना प्रथम त्याखालचे गावाचे नाव आणि साल वाचावे. नक्षीचे कौतुक त्यानंतर करावे.