बालनाट्य शिकायचे कोठे?

नेवासा फाट्यावरून निघणारा महामार्ग एका बाजूला अहिल्यानगरमार्गे पुण्याला जातो, तर दुसऱ्या बाजूला छत्रपती संभाजीनगरला. या दोन्ही शहरांतील विद्यापीठांत नाट्यशास्त्राचे विभाग आहेत. नेवासा तालुका तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्याच कक्षेत येतो, आणि त्या विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 पासून कार्यरत आहे. पदव्युत्तर नाट्यशिक्षण या गावापासून फार दूर आहे, असे म्हणता येणार नाही. तरीही इथल्या एखाद्या भाषाशिक्षकाला मुलांसाठी नाटक कसे लिहावे, कसे बसवावे, याचे रीतसर शिक्षण घ्यावेसे वाटले, तर त्याला कोणता अभ्यासक्रम सांगावा? उत्तर चटकन सुचत नाही. ते का सुचत नाही, हे पाहण्यासाठी मराठी बालरंगभूमीच्या इतिहासाकडे वळावे लागते.

या इतिहासातील लक्षणीय गोष्ट अशी की त्याचा आधुनिक आरंभच प्रशिक्षणातून झाला. सुधा करमरकर यांनी अमेरिकेत जाऊन तेथील बालरंगभूमीचा अभ्यास केला आणि परतल्यावर मुंबई मराठी साहित्य संघाच्या साहाय्याने 1959 मध्ये 'लिटल थिएटर' उभे केले. रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' हे त्या उपक्रमाचे पहिले नाटक. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी नाटक करायचे आणि पालकांनी कौतुकाने पाहायचे, ही रीत आपल्या परिचयाची होती. करमरकरांनी प्रेक्षागृहातील खुर्ची मुलाला दिली. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा आणि अभिनय यांची मोठ्यांच्या नाटकाला लागते तेवढीच काळजी बालप्रेक्षकासाठीही घ्यावी लागते, ही जाणीव तेव्हापासून मराठीत रुजली.

पुढच्या पिढीने ही जाणीव आपापल्या परीने वाढवली. मतकरींनी प्रतिभा मतकरी यांच्यासह 1962 मध्ये स्वतःची 'बालनाट्य' संस्था काढली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेल्या सई परांजपे यांनी पुण्यात मुलांची नाटके लिहिली आणि बसवली. मुंबईत शिक्षिका असलेल्या सुलभा देशपांडे यांनी 'आविष्कार'ची 'चंद्रशाला' चालवली. तिचे 'दुर्गा झाली गौरी' हे 1982 चे नृत्यनाट्य मराठी प्रेक्षक विसरलेला नाही. या सर्व ठिकाणी शिकणे होत होते, यात शंका नाही. मात्र ते तालमीत, गुरूच्या सहवासात होत होते. लेखकाने कोणता शब्द का गाळला, सातव्या वर्षाच्या मुलासाठी प्रवेश कोठे आखूड केला, हे ज्ञान त्या त्या माणसाच्या बोटांत राहिले. त्याचे पाठ्यक्रमात रूपांतर झाले नाही. सुलभा देशपांडे 2016 मध्ये, सुधा करमरकर 2018 मध्ये आणि मतकरी 2020 मध्ये गेले, तेव्हा मराठीने केवळ कलावंत गमावले नाहीत. कोठेही न नोंदलेली एक विद्याही गमावली.

याच काळात दुसरी एक वाट जर्मनीहून आली. बर्लिनच्या 'ग्रिप्स' रंगभूमीचा विचार डॉ. मोहन आगाशे यांनी पुण्यात आणला आणि 1986 मध्ये 'छान छोटे वाईट्ट मोठे' हे श्रीरंग गोडबोले यांनी मराठीत आणलेले नाटक रंगमंचावर आले. इथे राजपुत्र नव्हता, चेटकीण नव्हती. घर, शाळा, शेजार आणि मोठ्या माणसांची दांडगाई हाच विषय होता. मुलांच्या भूमिका प्रौढ नट करीत, आणि त्या करताना बोबडे बोलणे किंवा लाडिक हातवारे करणे वर्ज्य होते. प्रौढाने आपले मोठेपण बाजूला ठेवून मुलाच्या नजरेने घराकडे पाहायचे, ही खरोखर शिकावी लागणारी गोष्ट आहे. ती शिबिराच्या आठ दिवसांत येत नाही.

तिसरी वाट शिक्षणातून आली. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे बेलग्रेड थिएटरने 1965 मध्ये 'थिएटर इन एज्युकेशन'चा उपक्रम सुरू केला. त्यात नट आणि शिक्षक ही एकाच माणसाची दोन कामे झाली. आपल्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने 1989 मध्ये याच नावाचे स्वतंत्र पथक स्थापन केले आणि नंतर त्रिपुरातील आगरताळा येथे या विषयाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम सुरू केला. नेवाशाच्या शिक्षकाला आगरताळा दाखवणे म्हणजे त्याच्या प्रश्नाला अर्धेच उत्तर देणे होय, कारण बालनाट्याचे शिक्षण भाषेपासून तोडता येत नाही. मुलाची मराठी ही तालुक्यागणिक वेगळी मराठी असते.

आता आपण केले काय, तर मुलांना शिकवले. उन्हाळ्याच्या सुटीतील शिबिरे, स्पर्धा, बक्षिसे हे सारे मुलांना नट बनवण्यासाठी. मुलांसाठी नाटक करणाऱ्या मोठ्यांना शिकवण्याची व्यवस्था मात्र आपण फारशी केली नाही. याचा परिणाम रंगमंचावर दिसतो. संहिता परीक्षकाकडे पाहून लिहिली जाते, शेवटी एक उपदेश येतो, आणि बारा वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या माणसाची वाक्ये घोकून बोलतो. किशोरवयाचे तर नाटकच जवळजवळ नाही. बालनाट्याला तो मोठा वाटतो आणि मोठ्यांच्या नाटकाला लहान.

नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा परंपरेच्या हिशेबाने ज्ञानदेवांचे वय सोळाच्या आत होते. त्या ग्रंथाचा वाचक जाणतो की निरूपणकार श्रोत्यांना सतत संबोधतो, त्यांचे अवधान मागतो, त्यांच्या मनातली शंका आधीच ओळखून दृष्टान्त बदलतो. श्रोता कोण आहे, हे ओळखल्याशिवाय शब्द पुढे टाकायचा नाही, ही ती शिस्त आहे. बालनाट्याच्या शिक्षणाचा पहिला धडा याहून वेगळा असेल, असे आम्हाला वाटत नाही.

यासाठी नवे विद्यापीठ काढायला नको. पदव्युत्तर नाट्यशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याने एक सत्र एखाद्या तालुक्याच्या शाळेत घालवावे. तेथील मुलांचे बोलणे टिपावे, संहिता लिहावी, ती त्याच मुलांसमोर करून पाहावी, ती जेथे कंटाळली तेथे पुन्हा लिहावी, आणि या पुनर्लेखनाची नोंद विभागात जमा करावी. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही हे काम परके नाही. दहा वर्षांत अशा नोंदींचे एक कपाट भरेल. मग तालमीत जन्मलेली विद्या माणसाबरोबर जाणार नाही, आणि बालनाट्य शिकायचे कोठे, असे कोणी विचारले तर त्या कपाटाकडे बोट दाखवता येईल.