दोरीच्या विमानाचा मूळ कर्ता

अहेरीच्या रानांतील साग घराच्या तुळईला उत्तम. पण छंद म्हणून उडविण्याच्या छोट्या विमानास तो निरुपयोगी. घनमीटरभर सागाचें वजन सुमारें 650 किलो, तर दक्षिण अमेरिकेंतील बाल्साचें अवघें 160. म्हणून अहेरीच्या छंदिष्टासही लांकूड परमुलुखांतूनच आणावें लागेल.

या विमानाची युक्तीही तिकडचीच. विमानास दोन बारीक तारा जोडून माणूस मध्यभागीं उभा राहतो. त्यानें हातांतील मूठ कलती केली कीं एक तार ओढली जाते, विमानाच्या पोटांतील तरफ फिरते, शेपटीची पट्टी हलते आणि विमान चढतें किंवा उतरतें.

जिम वॉकर या अमेरिकन कारखानदारास 1942 सालीं या युक्तीचें पेटंट मिळालें व तिचा कर्ता म्हणून तोच गाजला. परंतु ओबा सेंट क्लेअर यानें 1937 सालींच ऑरेगॉन प्रांतांत असें विमान उडविलें होतें. 1955 सालीं न्यायालयानें तें मान्य केलें आणि वॉकरचें पेटंट टिकलें नाहीं.

आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत विद्यार्थी अशीं विमानें उडवितात. त्यांना मूठ धरावयास शिकवितांना सेंट क्लेअरचें नांवही सांगावें. छंदाचा इतिहास केवळ विक्रेत्यांच्या जाहिरातींवरून लिहिला जाऊं नये.